हातउसन्या गोळ्या

चौकातल्या फ्लेक्सवर शिवतेज गुडघ्यापर्यंतच होता. फ्लेक्सवाल्या पोरानं कुठल्यातरी तयार फोटोतल्या जवानाच्या धडावर त्याचं तोंड चिकटवलं होतं. छाती दुसऱ्याची, बंदूक दुसऱ्याची, मिशी तेवढी शिवतेजची, तीही जरा दाट केलेली. मागं बर्फाचे डोंगर, वर तिरंगा, खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या भावकीचे पासपोर्ट फोटो. त्या फोटोंना जागा पुरेना म्हणून पाय कापले होते. डेअरीला दूध घालून येताना शिवतेजची आई लीलाबाई रोज त्या फ्लेक्सखाली क्षणभर थांबायची. फ्लेक्सवाल्याला जे सुचलं ते भरतीच्या डॉक्टरालाही सुचावं, गुडघ्याखाली त्यानं बघूच नये, एवढंच तिचं मागणं होतं.

खरं तर फ्लेक्सची घाईच झाली होती. शिवतेज अजून फक्त लेखी परीक्षा पास झाला होता. पळायचं राहिलं होतं, मेडिकल राहिलं होतं. पण कडेगावच्या त्या अंगाला ‘लेखी पास झाला’ आणि ‘मिलिटरीत लागला’ यांच्यात कुणी फार अंतर ठेवत नाही. भावकीतल्या जयराजनं आपल्या पोराचा फ्लेक्स पोलीस भरतीच्या नुसत्या ग्राउंडनंतर लावला होता. मग शिवतेजचा बाप, म्हणजे रिटायर हवालदार नाथाजी, मागं कसा राहणार? गुलाल झाला, डीजे झाला, ग्रामपंचायतीत शाल-नारळ झाला. कडेगावच्या पाहुण्यांनी मुलीचा फोटो पाठवला. नोकरी चार वर्षांचीच का असेना, वर्दी ती वर्दी. आता पोरगं मेडिकलला पडलं असतं तर तो सगळा गुलाल परत गोळा करायला लागला असता, आणि तो कसा गोळा करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लीलाबाईचं डोकं मुळात हिशेबी. पैशाच्या हिशेबात नाथाजीच तिला फसवायचा, पण माणसांच्या हिशेबात तिला कुणी फसवलेलं नव्हतं. कुणाच्या बाळंतपणात कोण जागलं, कुणाच्या मयताला कोण उशिरा आलं, कुणी वाटीभर साखर नेली आणि वाटी तेवढी परत आणली, हे तिला तोंडपाठ. गल्लीत असं मानायचे की लीलाबाई नाही म्हणत नाही. बाई खरंच नाही म्हणायची नाही. दिलेलं विसरायची नाही, हे मात्र लोकांना उशिरा कळायचं.

तर तो पाय. उजव्या पोटरीच्या आतल्या अंगाला, घोट्याकडं उतरणारा तपकिरी पट्टा होता. गंजलेल्या पत्र्यावरचं पाणी पांढऱ्या भिंतीवर गळून जसा ओघळ उठतो तसा. आधी तिथं शीर होती, फुगलेली, गांडुळासारखी वळलेली. साताऱ्याच्या भरती अकॅडमीतल्या मास्तरानं ती पहिल्याच आठवड्यात हेरली आणि सांगितलं, ‘हा पाय मेडिकलला पडतोय.’ मग सांगलीच्या क्षमा डॉक्टरांकडं इंजेक्शन देऊन शीर बंद केली. डॉक्टरांनी मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालायला दिला, तो अकॅडमीतली पोरं ‘शिवतेजबाय’ म्हणायला लागल्यावर ट्रंकेच्या तळाला गेला. पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, गोठलेलं रक्त सुईनं काढायचं होतं, तर नेमकी तेव्हाच कारखान्याची ऊसतोड टोळी फडात उतरली. तोड आलेली सोडून पाय दाखवायला कोण जातंय? शीर गेली आणि हा ओघळ राहिला.

“शीर असली तरी अनफिट,” नाथाजीनं घरात सांगून ठेवलं होतं, “आन शिरंचा इलाज केलेला कळला तरी अनफिट.”

“म्हंजी रोग बी नको आन औषध बी नको,” लीलाबाई म्हणाली. “सरकारला कोरं पोरगं पायजे. आवं, मग तुमाला कसं घेतलं?”

“तवा माणसं लागत हुती.”

भरतीच्या रॅलीची तारीख आली तशी तिघं सांगलीला गेली. क्षमा डॉक्टरांनी पाय खिडकीकडं वळवून पाहिला.

“शीर छान बंद झालीये. हा डाग म्हणजे आजार नाही. शिरेतलं रक्त कातडीखाली झिरपलं. रक्तात लोह असतं. रक्त विरून गेलं, लोह तिथंच राहिलं. मोजा घातला होता ना?”

शिवतेजनं बापाकडं पाहिलं, बापानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

“कळलं,” डॉक्टर म्हणाल्या. “बहुतेकांचा डाग आपोआप फिका होतो. वर्ष लागतं, कधी दोन.”

“आमच्याकडं दोन म्हैनं बी न्हाईत,” नाथाजी म्हणाला. “लेसर-बिसर?”

“त्यानं कधी कधी आणखी काळं पडतं. लोहाला बांधून घेणारी औषधं असतात, त्यांचं मलम मी देते. लोह त्या औषधाला चिकटतं आणि कातडी ते हळूहळू सोडते. काहींना गुण येतो, काहींना नाही. महिने लागतात, आणि मी खात्री देत नाही. घासायचं मात्र नाही.”

“इंजेक्शन न्हाई का त्याचं?”

“यासाठी नाही. मी म्हणते, मेडिकलला सरळ खरंच का सांगत नाही?”

नाथाजी खुर्चीत ताठ झाला. “डॉक्टर, खरं सांगून भरती झालेला माणूस मी अजून बघितला न्हाई.”

परतीच्या एसटीत लीलाबाई एकच गोष्ट घोळवत होती. लोह बांधून घेणारं औषध. हे आपण कुठंतरी ऐकलंय. पलूस गेलं, कुंडल गेलं आणि तिच्या डोक्यात दिवा लागला. रेश्माच्या घरात! शेजारची रेश्मा रोज सकाळी पोरीला पेल्यात गोळी विरघळवून देते, ती कशाची? ‘अंगातलं लोखंड काढायची, काकी,’ असं रेश्माच म्हणाली होती.

रेश्माच्या पोरीचं, प्रियदर्शनीचं, अंग स्वतःचं रक्त करत नव्हतं. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तिला दर थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचे. त्या रक्तातलं लोखंड अंगात साठायचं, काळजात-काळजाखाली जाऊन बसायचं, म्हणून ती गोळी. गोळ्या तिथंच फुकट मिळायच्या.

लीलाबाईनं एसटीतच सिद्धांत मांडला. ऊसकऱ्याच्या बाईला एवढं कळतंच. फवारणी निराळी आणि आळवणी निराळी. पानावर फवारलेलं औषध वरच्या वर जातं, मुळाशी आळवणी केलेलं आतनं चढतं. मलम म्हणजे फवारणी. गोळी म्हणजे आळवणी. डॉक्टरणीला शेती नाही, ती काय करणार बिचारी?

दुसऱ्या दिवशी ती रेश्माच्या दारात गेली. रेश्मा द्राक्षाच्या शेडवर कामाला जायच्या गडबडीत होती. तिचा नवरा कृष्णात, कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, रात्रपाळी करून बाजेवर पडला होता, मोबाइल तोंडावर धरून.

“रेश्मे, दर्शीच्या गोळ्या किती दिसाच्या देत्यात गं एका टायमाला?”

“म्हैन्याच्या. का वो काकी?”

“न्हाई, आपलं इचारलं.” आणि लीलाबाई उंबऱ्याच्या आत पाट ओढून बसली. ‘आपलं विचारलं’ म्हणून जी बाई बसते ती काहीतरी घेतल्याशिवाय उठत नाही, हे रेश्मालाही कळत होतं. तिनं डबा भरायचा थांबवला.

“आमच्या शिवाच्या पायात लोखंड साठलंय. सांगलीच्या डॉक्टरणीनंच सांगितलं.”

“अगंबाई! त्याला बी रक्त चढिवलं हुतं व्हय?”

“चढिवलं न्हाई. त्यानं दिलं.” लीलाबाईनं जरा श्वास घेतला. “तुमच्या दर्शीला.”

रेश्मानं डब्याचं झाकण लावलं. हे खोटं नव्हतं. पोरगी लहान असताना रक्ताला माणूस मिळेना, तेव्हा नाथाजीनं आपल्या वेळचे माजी सैनिक जीपमध्ये घालून सांगलीला नेले होते. पुढं शिवतेजला अठरा लागली तसा तोही दोनदा देऊन आला होता. ते रक्त देताना लीलाबाईच्या मनात खरोखर माया होती. पण मायेची नोंद करून ठेवायची तिची सवय होती, ती काय करणार?

“थोड्या दे. हातउसन्या समज. सांगलीला गेलं की आणून टाकती.”

“काकी, तिच्या चुकवायच्या न्हाईत म्हणत्यात. काळजावर बसतंय ते.”

“चुकवायला कोण सांगतंय? अर्धी अर्धी द्यायची. पोर केवढीशी, तिला अख्खी कशाला लागती?”

“वजनावर देत्यात, काकी.”

“मग शिवाला तर लय लागतील गं!” असं म्हणून लीलाबाई स्वतःच हसली. रेश्मा हसली नाही. तिनं बाजेकडं पाहिलं. कृष्णातनं मोबाइल खाली घेतला नाही.

“दे की,” तो मोबाइलच्या मागून म्हणाला. “काकी कवा आपल्याला न्हाई म्हणाल्यात?”

हातउसन्याची रीत अशी, की त्याला पावती नसते आणि मुदत नसते. विरजण, चहाची पूड, पाहुणे आल्यावर अंडी, हे सगळं गल्लीतून असंच फिरतं. मागणाऱ्यानं ओशाळायचं नसतं, देणाऱ्यानं विचारायचं नसतं. पण विरजण संपलं तर फार तर एक दिवस दही लागत नाही. गोळ्यांची पाकिटं पदराआड घेऊन लीलाबाई बाहेर पडली तेव्हा दारात दर्शी दप्तर घेऊन उभी होती. लीलाबाईनं तिचा गाल ओढला. “शहाणी गं माझी बाय.”

शिवतेज रोज उपाशीपोटी पेला प्यायला लागला. त्याला मळमळायचं, पोटात कळा यायच्या, पळून आला की भिंतीला धरून बसायचा.

“आई, ह्यानं पोट बिघडतंय.”

“बिघडत न्हाई, निघतंय. गंज का सरळ निघतोय?”

नाथाजी रोज पायाचा फोटो काढायचा. एक दिवस उन्हात काढायचा, एक दिवस गोठ्याच्या सावलीत, आणि मग दोन्ही फोटो शेजारी धरून म्हणायचा, “बघ, बघ, उतरला का न्हाई?” उन्हातला उतरलेला दिसायचा. शिवतेज म्हणायचा, “आबा, ऊन हाय ते.” बाप म्हणायचा, “तुला लागायचंच न्हाई दिसतंय.” मलमाची ट्यूब फडताळात तशीच पडून होती. आळवणी चालू असताना फवारणीला कोण विचारतंय?

लीलाबाई सांगलीला नणंदेकडं गेली तेव्हा तिनं खरोखरच औषधाच्या दुकानात पाकीट दाखवलं. दुकानदारानं चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कुठली आणणार? ‘मग राहू द्या,’ म्हणाली. परतफेडीचा प्रयत्न केला एवढं तिनं स्वतःच्या जमेला धरलं, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा रेश्माच्या दारात गेली. या वेळी रेश्मानं काही विचारलं नाही. दाराजवळच्या फळीवरून पाकीट काढून हातात दिलं. ‘बसा’ म्हणाली नाही. हे मात्र लीलाबाईला लागलं. एवढं रक्त दिलं, जीप दिली, आणि साधं बसा म्हणवत नाही? रेश्माच्या नावावर तिनं ते मांडून ठेवलं.

साताऱ्याच्या मैदानावर भरतीला पोरांचा महापूर लोटला होता. नाथाजी आणि लीलाबाई रस्त्याच्या कडेला शेंगदाण्याची चटणी-भाकरी बांधून बसली होती. शिवतेज पळण्यात पहिल्या गटात आला, तसा निरोप आला. मापं झाली. मग मेडिकल. ऊन कलायला लागलं तसा तो फाटकातून बाहेर आला, हातात कागद, चेहरा राखेसारखा.

“पाय?” दोघांनी एकदमच विचारलं.

“पाय बघितला.”

“मग?”

“डॉक्टरच म्हणालं, गाडीचा सायलेन्सर लागला का रे? मी म्हटलं, जी साहेब. पुढं जा म्हणालं.”

नाथाजीनं मांडीवर अशी थाप मारली की शेजारची दोन माणसं वळली. “सायलेन्सर! आगं, सायलेन्सर! आन आपण मरत बसलोय! मग रडायला काय झालंय तुला, गाढवा?”

“लघवीत प्रोटीन आलंय. अनफिट लिवलंय.”

“प्रोटीन तर चांगलं असतंय की! अंडी खाल्लीस म्हणून आलं असंल, सांगायचं न्हाई का?”

“अंगात चांगलं, आबा. लघवीत न्हाई.” त्यानं कागद पुढं केला. “मिलिटरीच्या दवाखान्यात रिव्ह्यू मिळतोय, परत तपासत्यात. दीड म्हैना हाय. तवर साफ आलं तर घेतील.”

लीलाबाईनं भाकरी परत फडक्यात बांधली. तिला काहीतरी कळलं होतं, पण तिनं ते स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा क्षमा डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, आणि कागद खाली ठेवून तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“किडनीवर ताण आलाय. एवढ्या धडधाकट मुलाला हे आपोआप होत नाही. काही घेतलंत का? पावडर, काढा, जिममधलं काही?”

“न्हाई,” नाथाजी म्हणाला. त्याला वाटत होतं, गोळ्या दवाखान्याच्याच, म्हणजे औषधच. औषध म्हणजे ‘काही’ नव्हे.

“मग किडनीच्या तज्ज्ञाकडं पाठवावं लागेल. ॲडमिट करतील. किडनीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल कदाचित.”

“रिव्ह्यूच्या आधी उरकंल?”

“मी रिव्ह्यूचं बोलत नाहीये, काका. तुमच्या मुलाचं बोलतेय.”

त्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे नाथाजीला कळायला वेळ लागला असता. लीलाबाईला लागला नाही. ॲडमिट झाला की तारीख गेली. खरं सांगितलं तर कदाचित राहील.

“गोळ्या घेतल्या त्यानं,” ती म्हणाली. “लोखंड बांधायच्या. तुमीच म्हटल्या हुता ना औषध असतंय म्हणून.” आणि तिनं पाकीट टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी पाकीट उलटंसुलटं केलं.

“ह्या कुणाच्या?”

“शेजारच्या पोरीच्या. तिला इथल्या सरकारी दवाखान्यात रक्त चढवत्यात.”

“एका आजारी मुलीच्या गोळ्या? आणि तिच्या आईनं दिल्या?”

इथं लीलाबाईसमोर दोन शब्द होते. ‘मागितल्या’ आणि ‘दिल्या’. दोन्ही खरेच होते. पण पहिला तिच्या नावावर पडत होता आणि दुसरा रेश्माच्या.

“तिनंच दिल्या,” ती म्हणाली. आणि उघडा पडलेला शब्द झाकावा तसं वर घातलं, “आपणहून. लय माया हाय तिची शिवावर.”

शिवतेजनं आईकडं पाहिलं. तोंड उघडलं, मग मिटलं. त्याचं गप्प बसणं लीलाबाईनं जमेला धरलं.

“आजपासून एकही गोळी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पाणी प्या, दर आठवड्याला तपासू. बहुतेक साफ होईल. तुम्ही माझं एक वाक्य ऐकलंत आणि अर्धं घरी नेलंत. आणि त्या मुलीच्या डॉक्टरांना मी फोन करणार आहे. तिच्या वाटणीच्या गोळ्या कमी पडल्यात, हे त्यांना कळलंच पाहिजे.”

“करा की,” लीलाबाई म्हणाली. फोननं काय होतंय, असं तिला वाटलं.

शिवतेजची लघवी आठवड्या-आठवड्याला निवळत गेली. घरात हसणं परत आलं. पाय होता तसाच होता, पण आता त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. त्या डागाचं नाव सायलेन्सर पडलं होतं.

रिव्ह्यूच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीला, रेश्मा आली. लीलाबाई चुलीपुढं होती. रेश्मा चौकटीला धरून उभी राहिली.

“काकी, मी आपणहून दिल्या?”

लीलाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. “कोण म्हणतंय?”

“दवाखान्यात म्हणत्यात. तुमच्या डॉक्टरणीचा फोन आलता. दर्शीचं लोखंड कितीतरी वर गेलंय. काळजाची सोनोग्राफी करायला सांगितलीया. मला इचारलं, गोळ्या कशापायी वाटतीस? एक बाई तर म्हणाली, इकती का?”

“अगं, तोंडातनं गेलं माझ्या. त्यात काय एवढं?”

“आता म्हैन्याच्या देत न्हाईत. चार-चार दिवसाच्या देत्यात. रिकामी पाकिटं दावायची, पोरगी समोर न्यायची, पयली गोळी नर्सबाईच्या डोळ्यादेखत पाजायची. दर चार दिवसानं सांगली, काकी. शेडवालीनं दुसरी बाई लावली माझ्या जागंवर. दर्शीची शाळा तर गेलीच.”

“कृष्णात काय म्हणतोय?”

“त्यो काय म्हणंल? त्यो म्हणतोय, तूच दिल्यास.”

लीलाबाई भाकरी फुगायची वाट बघत राहिली. ती फुगली नाही.

“तुमी एकदा चला माझ्यासंगं,” रेश्मा म्हणाली. “डॉक्टरांफुडं एवढंच म्हणा, मी मागितल्या म्हणून तिनं दिल्या. बास. मला दुसरं काय नको.”

“तिथं लिवून घेत्यात का गं?”

“घेत असतील.”

“म्हंजी शिवाचं नाव येणार. कशाला घेतल्या, कुठला पाय, कसला डाग, समदं निघणार.”

“निघू दे की थोडं. माझं रोजच निघतंय.”

“परवा त्याचा रिव्ह्यू हाय, रेश्मा!” लीलाबाईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “आयुष्याचा प्रश्न हाय पोराच्या. एवढं होऊ दे. मग मी येती. आईची आण.”

रेश्मानं आत पाहिलं. मधल्या दारात शिवतेज बुटाची नाडी ओवत उभा होता.

“शिवा, तू तरी बोल की रं. तुझ्यासमोरच म्हणाल्या ना ह्या?”

त्याच्या हातातली नाडी भोकात जाईना. “आई येती म्हणाली की, वहिनी,” तो म्हणाला आणि नाडीचं टोक तोंडात घालून ओलं करत बसला.

रेश्मा गेली. मधल्या दारातून शिवतेज म्हणाला, “जाशील ना पण?” लीलाबाई म्हणाली, “तू झोप. परवा पळायचंय तुला.” परवा पळायचं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

रिव्ह्यूला लघवी साफ आली. वजन, कान, डोळे, छाती, सगळं साफ. दुपारी फोन आला, “आई, फिट!” आणि नाथाजी अंगणात लहान पोरासारखा नाचला. कडेगावच्या पाहुण्यांनी बघाबघीला रविवार मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई नवं लुगडं नेसून कंदी पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीत निघाली. रेश्माचं घर टाळून पुढं जाता येत नव्हतं. टाळलं असतं तर गल्लीनं ते लगेच मोजलं असतं. आणि खरं म्हणजे तिला टाळायचंही नव्हतं. देताना तिला कधी लाज वाटली नव्हती.

रेश्मा दाराला कुलूप घालत होती. हातात पिशवी, शेजारी वेणी-फणी केलेली दर्शी. पोरीचा चेहरा पिवळसर दिसत होता, पण ते सकाळच्या उन्हानंही असेल, असं लीलाबाईनं स्वतःला सांगितलं.

“झालं गं शिवाचं! घे, दर्शी, पेढा घे. दादा मिलिटरीत गेला तुझा.”

दर्शीनं पेढा घेतला आणि आईकडं पाहिलं. “खाऊ?”

“आत्ता नको. तिथं गोळी उपाशीपोटी घ्यायची हाय. नर्सबाईनं बघितली की मग खा.” रेश्मानं कुलूप ओढून पाहिलं. “लय चांगलं झालं, काकी. मग आज येताय ना संगं? एसटी यायला टाइम हाय अजून.”

“आज?” लीलाबाई म्हणाली. “आगं, आज कसं? घरात माणसं येत्यात. आन आता तर जास्तच जपायला पायजे. ट्रेनिंगमधनं बी काढत्यात म्हणं पोरास्नी, मागचं काय निघालं तर. ट्रेनिंग होऊ दे एकदा.”

“आन ट्रेनिंग झाल्यावर?”

“मग बघू की. मी काय पळून चाललीया?”

“न्हाई, तुमी कशाला पळताय,” रेश्मा म्हणाली. “चार वर्सं तर हायंत नोकरीची.” तिच्या बोलण्यात टोमणा शोधावा तर तो सापडत नव्हता, एसटीचं टाइमटेबल सांगावं तसं ती बोलली. मग पोरीचं मनगट धरून ती फाट्याकडं चालायला लागली. दर्शी दुसऱ्या हातातला पेढा मुठीत धरून चालली होती, घट्ट धरला तर मोडेल आणि सैल धरला तर पडेल अशा बेतानं. तो सांगलीपर्यंत असाच जायचा होता.

लीलाबाईनं डब्याचं झाकण नीट लावून पुढच्या घराची कडी वाजवली. दार उघडलं तसा तिनं पेढा पुढं केला.

“शिवाचं झालं बरं का! आन पयला पेढा कुणाला दिला सांगू? रेश्माच्या दर्शीला.”